रिकाम्या इनबॉक्सबाहेर ताटकळलेली माणसं

२००७ च्या जुलैमध्ये मर्लिन मान नावाचा एक अमेरिकन ब्लॉगर गुगलच्या ऑफिसात जाऊन ईमेलवर बोलला. भाषण तासाभराचं, आणि श्रोते जीमेल बनवणाऱ्या कंपनीतले. आदल्या वर्षी त्याने ‘फॉर्टीथ्री फोल्डर्स’ या आपल्या ब्लॉगवर ‘इनबॉक्स झीरो’ नावाची लेखमाला लिहिली होती. भाषणाचा व्हिडिओ इंटरनेटवर फिरला आणि ते दोन शब्द जगभरच्या ऑफिसांमध्ये जाऊन बसले. आज कुणी ‘मी इनबॉक्स झीरो पाळतो’ म्हणालं तर अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माणूस नीटनेटका आहे, कामसू आहे, त्याला पाठवलेला मेल हरवणार नाही, एवढं सगळं आपण त्या एका शून्यातून वाचतो.

या लेखात मला त्या शून्याची समीक्षा करायची आहे, एखाद्या पुस्तकाची करतात तशी. कारण इनबॉक्स झीरो ही नुसती सवय नाही. चांगलं काम कशाला म्हणायचं याबद्दलचं ते एक मत आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ते न तपासता स्वीकारलंय. माझं म्हणणं थोडक्यात असं: हे माप चुकीच्या बाजूने लावलं जातं. मेल ज्याला मिळाला त्याचं टेबल ते मोजतं. मेल ज्याने पाठवला तो माणूस त्यात कुठेच नाही.

आधी भाषणाबद्दल, कारण ते खरंच चांगलं आहे. मूळ विचार डेव्हिड ॲलन यांच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ (२००१) या पुस्तकातला. ब्लॉगचं नावही तिथलंच. महिन्याच्या दिवसांची ३१ आणि वर्षाच्या महिन्यांची १२ अशी ४३ फोल्डर्स ठेवायची आणि पुढची कामं त्या त्या तारखेत टाकायची, ही ॲलन यांची पद्धत. मानने त्या विचाराचं सार काढून मेलला लावलं. प्रत्येक मेलचं पाचपैकी एक काहीतरी करा: काढून टाका, दुसऱ्याकडे सोपवा, उत्तर द्या, पुढे ढकला, किंवा काम तिथेच उरकून मोकळे व्हा. इनबॉक्स ही मेल येण्याची जागा आहे, तिथे मुक्काम करू नका.

मानने हेही सांगितलं होतं की शून्य म्हणजे उरलेल्या मेलची संख्या नव्हे. आपलं डोकं इनबॉक्समध्ये किती अडकून पडलंय, ते शून्यावर आणायचं. भाषणातली ही सगळ्यात खोल गोष्ट, आणि नेमकी तीच कुणी घेतली नाही. यात ऐकणाऱ्यांचा फार दोष नाही. डोकं किती अडकलंय हे मोजायला फोनवर काही नसतं. न वाचलेल्या मेलचा लाल ठिपका मात्र ॲपच्या कोपऱ्यात दिवसभर असतो, आणि त्यावर आकडाही असतो. जे मोजायला हवं ते आणि जे मोजायला सोपं ते शेजारी ठेवलं की लोक सोपं उचलतात.

मग ॲप बनवणाऱ्यांनी त्या आकड्याला बक्षीस लावलं. २०१३ मध्ये आयफोनवर ‘मेलबॉक्स’ नावाचं ॲप आलं. बोटाने एका बाजूला सरकवलं की मेल नजरेआड, दुसऱ्या बाजूला सरकवलं की ‘नंतर बघू’. ॲप मिळण्यासाठी रांग होती, आणि आपल्या पुढे किती लोक अन् मागे किती याचे आकडे स्क्रीनवर दिसायचे. त्याच वर्षी ड्रॉपबॉक्सने ते विकत घेतलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत बंद केलं. गुगलचं ‘इनबॉक्स’ हे ॲप २०१४ मध्ये आलं आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये गेलं. त्यात सगळे मेल संपले की सूर्य उगवलेलं चित्र दिसायचं. ‘सुपरह्युमन’ ही सेवा महिन्याला ३० डॉलर घेऊन हेच आणखी वेगाने करून द्यायला लागली, आणि शून्यावर पोचलात की समोर एक देखणा फोटो. या तिन्हींची कारागिरी उत्तम होती. असे इंटरफेस बनवायला किती खपावं लागतं हे मला माहीत आहे. पण ते चित्र कशासाठी दाखवलं जातं ते बघा. कुणाचं काम झालं म्हणून नाही, यादी रिकामी दिसते म्हणून.

आता थोडं गणित. रांगांच्या अभ्यासात ‘लिटलचा नियम’ नावाचं एक साधं सूत्र आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता मांडली, आणि सर्व्हरवरच्या भाराचा अंदाज बांधताना ते आजही कामाला येतं. रांग वाढतही नाही आणि घटतही नाही असं धरलं, तर रांगेतल्यांची सरासरी संख्या म्हणजे दर दिवशी येणारे गुणिले प्रत्येकाने थांबायचे सरासरी दिवस. हे इनबॉक्सला लावू. एकीला रोज ६० मेल येतात आणि कधीही बघितलं तर तिच्याकडे ६० पडलेले असतात. म्हणजे तिच्याकडचा मेल सरासरी एक दिवस थांबतो. दुसऱ्याला रोज तीनच येतात, पण त्याच्याकडेही ६० पडलेले. त्याच्याकडचा मेल सरासरी २० दिवस थांबतो. स्क्रीनशॉट दोघांचा सारखाच दिसेल. पण तिला मेल लिहिणारा उद्या मोकळा होतो आणि याला लिहिणारा जवळजवळ तीन आठवडे वाट बघतो.

आणि शून्य? सूत्रानुसार रांग शून्य म्हणजे थांबण्याचा वेळही शून्य. मेल खरोखर निकाली निघून रांगेबाहेर गेला असेल तर हे बरोबर आहे. पण बहुतेक वेळा तो एका रांगेतून उठून दुसऱ्या, न दिसणाऱ्या रांगेत जाऊन बसलेला असतो. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं, तेव्हा एकेकाला १ जीबी जागा मिळणार ही बातमी बऱ्याच जणांना एप्रिल फूल वाटली होती. एवढी जागा आली आणि मेल टाकून द्यायची गरज संपली. ‘अर्काइव्ह’चं बटण दाबायचं, मेल नजरेआड. पाहुणे येणार म्हणून पसारा पलंगाखाली सारावा तसं. खोली आवरलेली दिसते, पसारा तेवढाच असतो.

मानच्या पाच क्रियांकडे आता पुन्हा बघू. काढून टाकणं, सोपवणं, पुढे ढकलणं: या तिन्हींत आपला इनबॉक्स हलका होतो, पण ज्याने लिहिलं त्याचं काम जागचं हललेलं असेलच असं नाही. उत्तर देण्यातही ‘बघतो आणि कळवतो’ बसतंच. खात्रीने काम होतं अशी क्रिया पाचात एकच. शून्याचं माप मात्र पाचही क्रियांना सारखे गुण देतं.

एक उदाहरण घेऊ, कुठल्याही आयटी कंपनीत खपेल असं. सोमवारी क्लायंट विचारतो, ‘रिपोर्टमधली बेरीज जुळत नाही, असं का?’ मॅनेजर तो मेल ‘प्लीज चेक’ लिहून टीम लीडकडे पाठवते. टीम लीड डेटा टीमला विचारतो, ‘तुमच्या बाजूने काही बदल झालाय का?’ डेटा टीम म्हणते, ‘नक्की कुठला रिपोर्ट? स्क्रीनशॉट द्या.’ तो प्रश्न आला त्याच वाटेने उलटा फिरत गुरुवारी क्लायंटकडे पोचतो. शुक्रवारी संध्याकाळी तिघांचेही इनबॉक्स स्वच्छ. कुणी आळस केलेला नाही, मेल दिसल्या दिसल्या प्रत्येकाने तो हातावेगळा केलाय. बेरीज अजून जुळत नाहीये. याला मराठीत पूर्वीपासून शब्द आहे: टोलवाटोलवी.

हा शब्द आपण शिकलो तो सरकारी कचेऱ्यांत. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण तिथलीच. तिला उत्तर म्हणून महाराष्ट्रात दोन कायदे झाले, आणि इनबॉक्स कसा मोजावा याबद्दल त्या दोघांकडून बरंच शिकता येतं. पहिला २००५ चा. त्याचं अधिकृत नाव लांबलचक आहे, बोलताना त्याला ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. त्यातला सर्वसाधारण नियम असा की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. ही कागदावरची इनबॉक्स झीरोच झाली. माप टेबलाचं. आणि माप टेबलाचं असलं की पळवाटही ठरलेली. सहाव्या दिवशी एक त्रुटी काढायची, ‘अमुक कागद जोडलेला नाही’ असा शेरा मारायचा आणि फाईल परत पाठवायची. टेबल रिकामं, नियम पाळलेला, अर्जदार पुन्हा एसटीत. त्याच कायद्यात अंतिम निर्णयासाठी वेगळी मुदतही घातली आहे. एकेका टेबलाचा हिशेब पुरत नाही, हे त्यातूनही दिसतं.

दुसरा कायदा दहा वर्षांनी आला: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. हा घड्याळ दुसऱ्या माणसाच्या हातात देतो. अर्ज दिला की त्याची पोच आणि अर्जाचा क्रमांक द्यायचा. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते. त्या मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा नाकारली गेली, तर अपील करता येतं. इथे कुणाच्या टेबलावर किती फाईली उरल्या हा प्रश्नच नाही. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दाखला कधी पडला, तेवढं मोजायचं. अंमलबजावणी किती नीट होते हा वेगळ्या लेखाचा विषय. पण मापाचं तोंड कुठल्या बाजूला हवं, हे या कायद्याने बरोबर ओळखलं.

आमच्या क्षेत्राला वाटतं की आपण या कचेऱ्यांच्या फार पुढे आहोत. ग्राहकांच्या तक्रारी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घड्याळ असतं: इतक्या तासांत पहिलं उत्तर, इतक्या दिवसांत निकाल. त्याच सॉफ्टवेअरमध्ये तिकीट ‘ग्राहकाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ टाकलं की ते घड्याळ थांबवायची सोयही असते. सोय रास्त आहे. ग्राहकाने माहितीच दिली नाही तर इंजिनियरने काय करायचं? पण मुदत संपायला तास उरलेला असताना ‘कृपया लॉग पाठवा’ असं जाणारं उत्तर, आणि तेही लॉग पहिल्याच मेलला जोडलेला असताना, हे ज्याने कधीच पाहिलेलं नाही असा सपोर्ट इंजिनियर मला अजून भेटायचाय. सहाव्या दिवशीची त्रुटी आणि शेवटच्या तासातला लॉग, या दोन्हींत फरक फक्त एसीचा.

अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो. एखादं माप हेच ध्येय झालं की ते माप म्हणून उपयोगाचं राहत नाही. गुडहार्ट यांनी मूळ मुद्दा १९७५ मध्ये ब्रिटनच्या चलनविषयक धोरणाबद्दल मांडला होता. तो इनबॉक्सलाही तंतोतंत बसतो.

माझा दुसरा आक्षेप सत्तेबद्दल आहे. ॲलन यांची पद्धत कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना शिकवता शिकवता घडलेली आहे. तिथे ‘सोपवा’ ही क्रिया सहज जमते. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीकडे ती क्रिया नाही, कारण तिच्या खाली कुणी नाही. ‘काढून टाका’ तिला परवडत नाही, कारण तिला आलेला जवळपास प्रत्येक मेल कुणातरी वरच्याचा असतो. ‘पुढे ढकला’ म्हणावं, तर सकाळच्या स्टँडअपला विचारणा होणार. पाचपैकी तिच्यासाठी दोनच उरतात: उत्तर द्या आणि काम करा. म्हणजे पद जितकं वरचं तितकं शून्य स्वस्त. ‘सरांचा इनबॉक्स बघा, कायम रिकामा’ असं कौतुक आपण करतो तेव्हा अर्धं कौतुक शिस्तीचं असतं आणि अर्धं खुर्चीचं. सरांच्या इनबॉक्समधून जे निघालं ते हवेत विरलेलं नाही. ते चार जणांच्या इनबॉक्समध्ये पडलंय, आणि अप्रेजलच्या वेळी ‘रिस्पॉन्सिव्ह नाही’ हा शेरा त्या चौघांपैकी कुणाला तरी मिळतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय ज्यांना होता त्यांना आठवेल. प्रोसेसरपुढे कामांची रांग असताना सगळ्यात छोटं काम आधी घेतलं, तर सरासरी प्रतीक्षा कमीत कमी राहते. हे सिद्ध करता येतं. पण त्याच धड्यात या पद्धतीचा दोषही दिलेला असतो. छोटी कामं येतच राहिली तर मोठ्या कामाची पाळी कधी येतच नाही. पाठ्यपुस्तकातला त्यासाठीचा शब्द आहे ‘स्टार्व्हेशन’, म्हणजे उपासमार. शून्याकडे धावणारा माणूस नकळत हाच अल्गोरिदम चालवत असतो. ‘मीटिंग चारला चालेल का?’ ‘हो.’ आकडा एकने कमी. ‘फाईल मिळाली का?’ ‘मिळाली.’ आणखी एक कमी.

मग मागे काय राहतं? कॉलेजमधल्या ज्युनियरचा मेल: ‘दादा, नोकरी सोडून एमटेक करू का?’ ज्याला नकार कळवायचाय अशा कुणाचा तरी मेल. जर्मनीला गेलेल्या मित्राचा लांबलचक मेल, ज्यात हवामानाच्या गप्पांआडून कळतं की तो तिथे एकटा पडलाय. यांना दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून यांना उत्तरच मिळत नाही. ते ‘नंतर बघू’मध्ये जातात आणि घोंगडं तिथे भिजत पडतं. वर आकडा शून्य, समोर सूर्य उगवलेला.

आणि काही माणसं तर त्या ‘नंतर बघू’मध्येही नसतात. मुलाखतीच्या तिसऱ्या फेरीनंतर ‘आम्ही कळवू’ ऐकून रोज मेल रिफ्रेश करत बसणं काय असतं, हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. त्या दिवसांत पलीकडे एचआरमधल्या कुणाचा तरी इनबॉक्स अगदी शून्यावर असू शकतो. नकार कळवायला दोन ओळी पुरतात. पण न पाठवलेल्या मेलची नोंद कुठल्याच इनबॉक्समध्ये होत नाही. वाट बघणारा माणूस मोजणीच्या बाहेरच राहतो.

यावर कुणी म्हणेल, पलीकडच्याचं जाऊ दे, निदान स्वतःच्या सोयीसाठी तरी इनबॉक्स आवरावा. तर त्याबद्दलही संशोधन झालंय. स्टीव्ह व्हिटेकर आणि कँडेस सिडनर यांनी १९९६ मध्ये ईमेलच्या ओझ्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. दहा वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी एका टेक कंपनीतल्या ६०० मेलबॉक्स तपासून त्याच्याशी तुलना केली. इनबॉक्स साधारण तेवढेच राहिले होते, पण बाजूला साठवलेले मेल दसपट झाले होते. २०११ मध्ये व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी ३४५ लोकांनी जुने मेल कसे शोधले हे पाहिलं. शोधण्याच्या ८५,००० हून जास्त कृती त्यांनी तपासल्या. फोल्डरवर फोल्डर लावणाऱ्यांना मेल शोधण्यात जास्त यश आलं, असं काही त्यात दिसलं नाही. सर्च करणाऱ्यांचं काम उलट लवकर झालं. म्हणजे आवराआवर ही बरीचशी दिसण्याची गोष्ट आहे.

या सगळ्याला आजवरचं सर्वांत ताकदीचं उत्तर कॅल न्यूपोर्ट यांनी ‘अ वर्ल्ड विदाउट ईमेल’ (२०२१) या पुस्तकात दिलं. न्यूपोर्ट जॉर्जटाउन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवतात. त्यांचं म्हणणं असं की दोष तुमच्या-माझ्या सवयींचा नाही. प्रत्येक काम दिवसभर चालणाऱ्या सुट्या सुट्या निरोपांतून उरकायचं, ही कामाची रीतच बिघडलेली आहे. ती बदलली नाही तर वैयक्तिक युक्त्या कुचकामी. प्रश्न माणसाकडून काढून व्यवस्थेकडे नेला, हे या पुस्तकाचं मोठं काम. पण त्यातला मुख्य हिशेब लक्ष विचलित होण्याचा आहे, म्हणजे मेल ज्याला मिळतो त्याच्या डोक्याचा. मेल पाठवणारा तिथे बहुतेक वेळा व्यत्यय म्हणूनच येतो. त्याला काय हवं होतं, ते मिळालं का, हा प्रश्न मागेच राहतो. मान आणि न्यूपोर्ट एकमेकांपासून कितीही लांब असले तरी दोघेही टेबलाच्या एकाच बाजूला बसलेले आहेत.

माझ्या मुद्द्यावर एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. माप पाठवणाऱ्याच्या हातात दिलं तर मिळवणारा त्याचा चाकर होईल. बॉसने रात्री ११ ला मेल टाकला तर काय, बॉसची प्रतीक्षा मोजत बसायचं? ही भीती खोटी नाही. म्हणून तर फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस अशाच हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

पण वाट न बघायला लावणं आणि तात्काळ उत्तर देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोस्टादिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि दुसरा आठवडा हवं तितक्यांदा. तीनदाच्या आठवड्यात लोकांवरचा ताण कमी होता. दिवसातून तीनदा मेल बघणारा माणूस कुणालाही तीन आठवडे ताटकळत ठेवत नाही. मिनिटांचा हिशेब सोडून दिवसांचा केला, तर दोन्ही बाजूंना जगता येतं.

आणि मला वाटतं, वाट बघणाऱ्याला उशिराचा जितका त्रास होतो त्याहून जास्त काही न कळण्याचा होतो. पत्रांच्या काळात मराठीत यासाठी दोन चांगले शब्द होते. घाई असेल तर लिहायचे, ‘उलटटपाली उत्तर पाठवा’. म्हणजे किती घाई आहे हे लिहिणाराच सांगायचा, सगळीच पत्रं तातडीची नसायची. आणि पत्र मिळालं की, सविस्तर उत्तर नंतर द्यायचं असलं तरी, आधी ‘पोच’ द्यायची. पोच म्हणजे काम झालं असं नाही. तुझं म्हणणं माझ्यापर्यंत आलंय आणि आता ती माझी जबाबदारी आहे, एवढं सांगणं. लोकसेवा हक्क कायद्याने अर्जाला पोच सक्तीची केली ती उगाच नाही.

पोच आणि निळी टिक यांत मात्र गल्लत नको. व्हॉट्सॲपने २०१४ मध्ये निळ्या टिका आणल्या तेव्हापासून ‘वाचलं’ हे आपल्याला आपोआप कळतं, आणि त्याने वाट बघणं सोपं झालेलं नाही. उलट चिघळलं. ‘सुपरह्युमन’ तर मेल कधी आणि साधारण कुठे उघडला हेसुद्धा पाठवणाऱ्याला दाखवत होतं. २०१९ च्या जुलैमध्ये त्यावर जोरदार टीका झाल्यावर ठिकाण दाखवणं बंद करावं लागलं. ही पाळत झाली. पोच माणूस स्वतःहून देतो, आणि देताना काहीतरी कबूल करतो. यंत्राने लावलेली टिक काहीच कबूल करत नाही.

मर्लिन मानकडे पुन्हा एकदा जायला हवं, कारण त्याची गोष्ट २००७ ला संपत नाही. इनबॉक्स झीरोवर पुस्तक लिहायचा करार त्याने केला होता. २०११ च्या एप्रिलमध्ये त्याने ब्लॉगवर ‘क्रँकिंग’ नावाचा लेख टाकला. त्यात त्याच्या लहानपणी आजारी वडिलांसाठी घरात आणलेल्या खाटेची आठवण आहे, हाताने दांडा फिरवून वरखाली करायच्या हॉस्पिटलच्या खाटेची. आणि मग त्याची स्वतःची छोटी मुलगी आहे, जिचा वेळ ते पुस्तक खात होतं. कशाला आधी वेळ द्यावा हे लोकांना शिकवणारं पुस्तक लिहिण्यात आपला वेळ भलतीकडेच चाललाय, हे त्याने तिथे लिहून टाकलं. ते पुस्तक पुढे आलं नाही. मला हा लेख त्या भाषणापेक्षा मोठा वाटतो. भाषणात मेलचं काय करायचं ते होतं. लेखात वाट कोण बघतंय ते आहे.

मग इनबॉक्स चांगला सांभाळला हे ओळखायचं कसं? छोट्या कामांमागे उपाशी राहिलेल्या कामावर ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकातच उपाय दिलेला असतो: जितका काळ काम थांबेल तितकं त्याचं प्राधान्य वाढवत न्यायचं. त्याच धर्तीवर किती मेल उरले हे विचारण्याऐवजी, माझ्या उत्तराची वाट बघणाऱ्यांत सगळ्यात जुनं कोण आणि ते किती दिवस थांबलंय, हे विचारावं. शेकडो न वाचलेल्या जाहिराती पडलेल्या आणि सगळ्यात जुनी प्रतीक्षा दोन दिवसांची, तर इनबॉक्स उत्तम चाललाय. आकडा शून्य आणि एक मित्र मार्चपासून थांबलेला, तर नाही. हे माप कुठल्याही डॅशबोर्डवर मात्र नको. मॅनेजरने ते अप्रेजलला जोडलं की आठवड्याभरात लोक जुन्या मेलना ‘बघतो’ लिहून तारीख नवी करतील. ते आपलं आपल्यापाशी ठेवायचं.

लॅपटॉपवर जीमेल उघडलं की मेलच्या यादीच्या वर उजवीकडे एकूण संख्या दिसते. तिथून सगळ्यात जुन्या मेलवर जाता येतं. ‘नंतर बघू’ केलेले वेगळ्या कप्प्यात असतात, तोही बघा. जाहिराती आणि ओटीपी ओलांडत गेलं की कुठेतरी एका माणसाचं नाव लागेल. उत्तर तयार नसेल तर तेवढंच लिहा, आणि कधी देणार ती तारीख लिहा.